नोरीनचा जिना

यॉर्क शहरात, स्कॅल्बी टेरेस नावाच्या गल्लीत आमचं घर अकरा नंबरचं आणि पॅलिस्टरांचं तेरा. मधली भिंत दोघांची एकच. त्या भिंतीपलीकडे नोरीन पॅलिस्टर तीस वर्षं राहिली. तिच्याबद्दल गल्लीत जे बोललं जायचं त्यातलं बरंचसं मी कानाने ऐकलंय, आणि खोटं कशाला सांगू, एकदोनदा त्यात माझाही सूर लागलाय. ती गेली तेव्हापासून मनात आहे की हे कुणाला तरी सरळ सांगून टाकावं.

ते आले १९८२ च्या मार्चमध्ये. घर व्हिक्टोरिया राणीच्या वेळचं, तीन मजली, लाल विटांचं, समोरची खिडकी पोट पुढे काढल्यासारखी. आधीच्या मालकाने त्याच्या सात खोल्या करून भाड्याने लावल्या होत्या. प्रत्येक खोलीत एक बेसिन, एक गॅसचा मीटर, आणि सुंदर जुन्या दारांवर ठोकलेले प्लायवुडचे तक्ते. इतक्या भाडेकरूंनी वापरून घराचा नुसता चोथा झाला होता. माझा नवरा लेन म्हणाला, "हे लोक वेडे तरी आहेत नाहीतर तरुण तरी."

क्लाइव्ह पॅलिस्टर रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात सुतार होता. उंच, सावकाश चालणारा, बोलायला अगदी कंजूष. नोरीन एकतीस वर्षांची, बुटकी, बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. मोठी मुलगी जूडिथ सहा वर्षांची. पहिल्याच दिवशी नोरीन आमच्याकडे किटली मागायला आली, आणि चहा होईपर्यंत तिने मला तिच्या आयुष्याची निम्मी गोष्ट सांगून टाकली. तिची आई अशाच मोठ्या घरांतून धुणीभांडी करायची. शाळा सुटली की नोरीन आईला शोधत त्या घरी जायची, आणि मागच्या दाराशी बसून राहायची. आई तेव्हा बहुतेक जिन्याचा कठडा पुसत असायची. "एवढा जिना आपला असला तर कसं वाटत असेल, असं मला वाटायचं," ती म्हणाली. "आता हा आपला आहे. पण अंगावर पेंट किती चढलाय बघा. आत लाकूड आहे की नाही तेच कळत नाही."

पहिलं वर्ष प्लायवुड काढण्यात आणि बेसिनं उचकटण्यात गेलं. ८३ च्या जूनमध्ये धाकटी झाली, हेझल. तिच्यासाठी म्हणून क्लाइव्हने मागची वाढीव खोली बांधायला घेतली. मागच्या बाजूला काळोखी मोरी होती, तिच्याबाहेर कोळशाची खोली आणि जुना संडास. ते सगळं पाडून एकच मोठं, वरून उजेड येणारं स्वयंपाकघर करायचं, असा बेत. शनिवार-रविवार तो एकटाच खपायचा. भिंत फोडून लोखंडी गर्डर चढवला, तेव्हा लेन आणि आणखी चार जण हात द्यायला गेले होते. त्यानंतर कितीतरी महिने घराच्या पाठीला भिंतच नव्हती. भिंतीच्या जागी एक ताडपत्री लटकायची, आणि ते चौघं पुढच्या खोलीत, जिन्याला लागून, स्वयंपाक करायचे, जेवायचे आणि हेझलला रांगायला सोडायचे.

८४ च्या वसंतात नोरीनने जिन्याला हात घातला. तेव्हा ती फॅशनच होती. जो तो जुना रंग काढून खालचं लाकूड उघडं करत होता. रंग जाळून काढायला ब्लोलॅम्प, म्हणजे ज्योत फेकणारा हातातला दिवा, हवा होता, आणि तो आमच्याकडे होता. लेनच्या वडिलांचा, पितळेचा. मीच तिला म्हटलं, "अगं, आमचा पडूनच आहे. घेऊन जा, पाहिजे तितके दिवस ठेव." मीच तो कपाटातून काढून, पुसून तिच्या हातात दिला.

ती सकाळी जूडिथला शाळेत सोडून आली की सुरू करायची. एका हातात लॅम्प, दुसऱ्या हातात पत्र्याची पट्टी. ज्योतीखाली रंग फुगायचा, करपायचा आणि सापाच्या कातीसारखा सुटून यायचा. वर पांढरा, त्याच्याखाली पिवळट, मग हिरवा, मग चॉकलेटी, असे सात-आठ थर. जिथे लॅम्प पोचायचा नाही तिथे ती पॉलिश पेपरने घासायची. वास आमच्या बैठकीपर्यंत यायचा, गोडसर, घशाला चिकटणारा. दुपारी ती चादरी परसात झटकायची. माझे वाळत घातलेले कपडे राखाडी व्हायचे, म्हणून एकदा मी तिला बोललेसुद्धा. धुळीबद्दल मी बोलले ते एवढंच.

आणि जिना खरोखर सुंदर निघाला. कठडा महॉगनीचा, गडद तांबूस. तो पहिल्यांदा तेल लावून पुसला तेव्हा तिने मला हाक मारली. ती खालच्या पायरीवर बसली होती, केसांत रंगाचे कपटे, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर असं काही की मला तिचा हेवा वाटला. हेझल तिच्या पायाशी बसून एक कपटा चघळत होती. नोरीनने तो सहज तिच्या तोंडातून काढला आणि ॲप्रनला बोट पुसलं. मीही पाहिलं. दोघींनाही त्याचं काही वाटलं नाही.

त्या शरद ऋतूत हेझलचं बिनसायला लागलं. तोवर पोर चांगली होती. वेळेवर चालायला लागली होती, घड्याळाला 'टिक' म्हणायची, मांजराला 'माऊ' म्हणायची. आता ती सारखी किरकिरायची, पोट धरून रडायची, जेवायची नाही. रंग पांढराफटक. नोरीन तिला घेऊन डॉक्टरकडे गेली, एकदा, दोनदा, पाचदा. डॉक्टर आधी म्हणाले दात येतायत. मग म्हणाले बद्धकोष्ठता. मग लोहाचं सिरप दिलं. ख्रिसमसच्या आधी नोरीनने त्यांना सांगितलं की पोरगी 'टिक' म्हणायची ती आता म्हणत नाही, आणि चालताना भिंत धरते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि फार मायेने म्हणाले, "मिसेस पॅलिस्टर, घरात बांधकाम, दोन मुली, सगळं तुमच्या एकटीच्या अंगावर. मला वाटतं, औषधाची गरज तुम्हाला आहे."

तिने ती गोळ्यांची चिठ्ठी घरी आणून मला दाखवली. "माझंच डोकं फिरलंय का गं, ऑड्री?" मी म्हटलं, घेऊन तर बघ, थोडी विश्रांती मिळेल. असलं शहाणपण तेव्हा मी फुकट वाटायचे.

कळलं ते मांजरामुळे. फेब्रुवारीत त्यांची मांजर गोलगोल फिरायला लागली, मग तिला झटके आले. नोरीन तिला खोक्यात घालून जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथे एक नवी मुलगी होती, नुकतीच शिकून आलेली. तिने मांजरीच्या हिरड्या पाहिल्या, थोडा विचार केला आणि विचारलं, "घरात कुठे जुना रंग काढताय का? जुन्या रंगात शिसं असतं. धूळ अंगावर बसते आणि मांजरं अंग चाटतात." मग तिने खोक्यावरून मान वर केली. "घरी लहान मूल आहे?"

नोरीनने मांजर तिथेच टेबलावर सोडली. माझ्याकडे येऊन माझ्या मांडीवरून हेझलला उचललं आणि कोट न घालता, बसची वाट न बघता, पायीच मोठ्या इस्पितळात गेली. मी मागून कोट घेऊन धावत पोचले, तर ती बाकावर बसली होती आणि नर्सला सांगत होती की हिचं रक्त तपासल्याशिवाय मी इथून उठणार नाही. नर्स म्हणाली, चिठ्ठी लागते. नोरीन म्हणाली, "मग पोलिसांना बोलवा." ओरडली नाही, नुसती म्हणाली. चार तासांनी कुणीतरी रक्त घेतलं.

दोन दिवसांनी निकाल आला, पण त्याच्या आदल्या संध्याकाळीच हेझलला फिट आली होती. पोरीच्या रक्तात शिसं इतकं होतं की डॉक्टरांनी यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा तपासायला लावलं. तिला तीन आठवडे ठेवून घेतलं, इंजेक्शनं दिली. दिवसातून कितीतरी वेळा, मांडीत, खोल. नोरीन तिला धरून बसायची. मेंदूला सूज होती. ती उतरली, पोर जगली. पण इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की जे गेलंय ते परत यायचं नाही. ती चालेल, थोडंफार बोलेल. त्यापुढे मात्र ती कायम लहानच राहील.

मग त्यांनी विचारलं, "जुना रंग असा जाळू नये हे तुम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं का?"

"नाही," नोरीन म्हणाली. "कुणीच नाही." क्लाइव्ह शेजारच्या खुर्चीत होता. तो काही बोलला नाही, पण तो कधीच फारसा बोलत नसे.

नगरपालिकेचा माणूस आला, धुळीचे नमुने घेऊन गेला. जूडिथचं रक्त तपासलं, तिचंही थोडं वाढलेलं निघालं, पण ती दिवसभर शाळेत असायची म्हणून वाचली. नोरीनचं स्वतःचं भरपूर वाढलेलं होतं. त्याकडे तिने लक्ष दिलं नाही. मी लेनला सांगून तो ब्लोलॅम्प भंगारात टाकला. त्याबद्दल नोरीनने मला आयुष्यभरात एक शब्द ऐकवला नाही. तो विषय काढायचं धैर्य मलाही झालं नाही.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागत नाही. दुकानात बायका तिच्यासाठी बाजूला व्हायच्या, म्हणजे कीव करून की कशाने, कुणास ठाऊक. पाठीमागे म्हणायच्या, पोरीपेक्षा घराची हौस जास्त. मीही त्या घोळक्यात उभी राहून मान हलवलीय.

क्लाइव्हने स्वयंपाकघर मात्र पुरं केलं. उंच खिडक्या, काचेचं छप्पर, सगळी लाकडं त्याच्या हातची. ८६ च्या ईस्टरला त्यांनी तिथे पहिलं जेवण केलं आणि आम्हा दोघांनाही बोलावलं. क्लाइव्हची आई, एडना, टेबलाच्या टोकाला बसली होती. भाजलेलं मटण वाढून झालं. हेझल उंच खुर्चीत बसून चमचा टेबलावर आपटत होती, थांबतच नव्हती. एडनाने तिच्याकडे पाहिलं, मग उघड्या दारातून जिन्याकडे पाहिलं.

"जिना मात्र झकास झालाय हं, नोरीन," ती म्हणाली. "पोरीची अक्कल गेली, पण जिना झकास."

नोरीनने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. तिला त्याच्याकडून फार नको होतं, नुसतं 'आई, गप' एवढं चाललं असतं. क्लाइव्हने मटणाचा तुकडा कापला आणि रश्शाचं भांडं लेनकडे सरकवलं.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, आणि होती मात्र भरपूर. हेझल वाढली ती अंगाने. तिला फिट यायच्या, त्यामुळे जिना चढणं धोक्याचं. म्हणून त्या नव्या स्वयंपाकघराच्या अर्ध्या भागात फळ्यांची भिंत घालून तिची खोली केली. काचेच्या छपराखाली तिचा पलंग. पाऊस वाजला की ती घाबरायची आणि नोरीन तिथेच खुर्चीत झोपायची. वरच्या मजल्यांवरचा रंग होता तसाच राहिला. त्याला कुणी बोटही लावलं नाही. नोरीन आठवड्यातून दोनदा सगळं घर ओल्या फडक्याने पुसायची, गुडघ्यांवर बसून, पायरी न् पायरी. गरज संपून कितीतरी वर्षं झाली होती तरी पुसायची.

जूडिथ हुशार निघाली, आणि आईवर रागावलेली. चौदा-पंधराव्या वर्षी कधीतरी आजीने तिला सगळं तिच्या पद्धतीने सांगितलं असावं. अठराव्या वर्षी ती ब्रिस्टलला शिकायला गेली ती तिकडचीच झाली. ख्रिसमसला यायची, बापाशी बागेत तासभर बोलायची, आईला गालाला गाल लावून निघून जायची. नोरीन मला म्हणायची, "तिचं बरोबर आहे. तिची बहीण होती ती."

नोरीन स्वतःबद्दल कधी रडली नाही. पण तिचं कशावरच प्रेम उरलं नव्हतं, हेझल सोडून. नवा पडदा घ्यायचा तरी ती कापडाला हात लावून परत ठेवायची. काही सुंदर हवं असं वाटण्याचीच तिला भीती बसली होती. मी तिला एकदा म्हटलं, जरा स्वतःसाठी काहीतरी कर. ती म्हणाली, "केलं होतं की एकदा."

कारखाना ९६ साली बंद पडला. क्लाइव्ह घरी बसला, छातीचा विकार जडला, आणि २००४ पर्यंत तो पुढच्या खोलीतल्या पलंगावर आला. नोरीन आता दोघांचं करायची. एकीला भरवायचं, दुसऱ्याला धुवायचं.

त्या वर्षी ऑक्टोबरात विल्फ हार्कर नावाचा म्हातारा त्याला भेटायला आला. कारखान्यात रंगाच्या खात्यात होता, ऐंशीच्या पुढचा, कानाने कमी. क्लाइव्हला डुलकी लागली म्हणून नोरीनने विल्फला आत नेऊन चहा दिला. हेझल टेबलाशी बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. ते काम तिला आवडायचं. विल्फ तिच्याकडे बघत राहिला आणि मान हलवत म्हणाला, "वाईट झालं बघ. मी तेव्हाच बोललो होतो त्याला."

"काय बोलला होतात?" नोरीनने विचारलं. तिला वाटलं, म्हातारा दुसऱ्याच कशाबद्दल बोलतोय.

"रंग जाळू नको म्हणून. जेवणाच्या सुट्टीत तो सांगायचा ना, बायको जिन्याचा रंग काढतेय, ब्लोलॅम्पने काढतेय. म्हटलं, बाबा, त्यात शिसं असतं, आमचं दर सहा महिन्यांनी रक्त काढतात ते उगाच का? घरात बाळ आहे तुझ्या. ओला करून काढा, नाहीतर राहू द्या तसाच." त्याने बशीत चहा ओतला. "दोनदा सांगितलं मी. तू ऐकलं नसशील, पोरी. तरुणपणी कोण ऐकतं."

नोरीनने त्याला केकचा दुसरा तुकडा वाढला. त्याचा कोट आणून दिला, दारापर्यंत पोचवलं, पायरी बघून उतरा म्हणाली. मग पुढच्या खोलीत जाऊन पलंगाशेजारी बसली आणि क्लाइव्ह जागा व्हायची वाट बघत राहिली. हे सगळं तिने मला दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलाशी बसून सांगितलं, अगदी शांतपणे, दुकानातला भाव सांगावा तसं.

तिने त्याला विचारलं, विल्फने तुला सांगितलं होतं का?

"सांगितलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"मला वाटलं, म्हातारा उगाच घाबरवतोय. त्यांचं आयुष्य रंगात जातं, त्यांची गोष्ट वेगळी." त्याला दम लागला. "आणि तू एवढी खूश होतीस. तुला इतकी खूश मी कधी पाहिलीच नव्हती. थांब म्हणायला जीभ रेटेना."

"ते सोड," नोरीन म्हणाली. "ते मी समजू शकते. पण नंतर? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू माझ्या शेजारी बसला होतास. तुझी आई बोलली तेव्हा समोर बसला होतास."

"नंतर सांगून काय फरक पडला असता? पोर बरी झाली असती?"

"पोर नसती झाली," ती म्हणाली. "पण मी एकटी नसते पडले."

त्यावर तो रडला, असं नोरीनने मला सांगितलं. ती बघत बसली आणि मग हेझलची गोळीची वेळ झाली म्हणून उठली.

मला वाटलं, आता ती त्याला एखाद्या आश्रमात टाकेल. मी असते तर टाकलं असतं. तिने तसं काही केलं नाही. तो आणखी चौदा महिने होता, आणि त्या चौदा महिन्यांत त्याची चादर एकदाही मळकी राहिली नाही, जेवण एकदाही थंड मिळालं नाही. पण कामापुरता शब्द सोडला तर ती त्याच्याशी बोलली नाही. कूस बदल. तोंड उघड. पाणी हवं? एवढंच. मी दुपारी तासभर त्याच्यापाशी बसायचे, तेव्हा तो माझा हात धरून म्हणायचा, "ऑड्री, तुझं ऐकेल ती. एकदा माझ्याशी बोल म्हणावं." मी एकदा तो निरोप घेऊन स्वयंपाकघरात गेले. नोरीन भांडी विसळत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"त्याला विचार, पायाशी गरम पाण्याची पिशवी हवी का," ती म्हणाली.

तो डिसेंबरात गेला. जूडिथ आली, काळ्या कपड्यांत, बापासाठी डोळे सुजवून. नोरीनने मला आधीच बजावून ठेवलं होतं की जूडिथला यातलं काही कळता कामा नये. "बाप एकच असतो. तिच्याकडे तेवढा तरी राहू दे." मी हो म्हटलं होतं. पण अंत्यविधीनंतर सँडविचेस वाढताना जूडिथ मला म्हणाली, बाबांनी आईला कधी दोष दिला नाही, किती मोठं मन होतं त्यांचं. आणि मला ते सहन झालं नाही. मी तिला परसात नेऊन सगळं सांगितलं. विल्फचं, डॉक्टरांचं, त्या ईस्टरच्या जेवणाचं. लेनच्या वडिलांच्या ब्लोलॅम्पचंही सांगितलं, कारण अर्धंच सांगणं बरोबर नव्हतं.

जूडिथ आत गेली. लोक अजून होते. ती सरळ आईपाशी गेली आणि तिच्या हातातला ट्रे काढून घेतला, आणि तशीच उभी राहिली. नोरीनला लगेच कळलं. तिने लेकीच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. तशी नजर पुन्हा कधी माझ्या वाट्याला येऊ नये. तीन आठवडे तिने मला दार उघडलं नाही. चौथ्या आठवड्यात ती साखर मागायला आली. तिच्या घरात साखर होती, मला माहीत होतं. त्यानंतर जूडिथ महिन्यातून एकदा यायला लागली. मायलेकींचं फार गूळपीठ झालं असं नाही. वीस वर्षं अशी भरून निघत नाहीत. पण ती यायची, हेझलला फिरायला न्यायची, आणि नोरीन तेवढा वेळ झोपायची.

२०१२ मध्ये नोरीनचे गुडघे आणि पाठ दोन्ही गेली. हेझल तोवर तिच्या दीडपट झाली होती. घर विकून बिनजिन्याचं एक छोटं घर घ्यायचं ठरलं. दलाल म्हणाला, अशा जुन्या घरांवर लोक उड्या मारतायत, जिना बघूनच सही करतील. आणि पहिलंच जोडपं आलं ते तसंच. नवरा शिक्षक, बायको सहा महिन्यांची गरोदर. जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत ती म्हणाली, वरच्या मजल्यांवरचा रंगही आम्ही असाच काढू.

मी तिथे होते. नोरीनने तिला खुर्ची दिली आणि समोर बसून सगळं सांगितलं. कुठल्या दारावर किती थर आहेत, कोणत्या खिडकीच्या कडा सुटल्यात, आणि पोटात मूल असताना या घरात एक खिळासुद्धा का काढायचा नाही. मग हेझलला बोलावलं. "ही माझी धाकटी. एकोणतीस वर्षांची आहे." ती बाई पांढरी पडली. दुसऱ्या दिवशी त्यांचा नकार आला.

दलाल तणतणत आला. "मिसेस पॅलिस्टर, एवढं सांगायची काही गरज नसते. कायद्यानेही नसते."

"मला होती," नोरीन म्हणाली.

पुढच्या जोडप्यालाही तिने सांगितलं, त्याच्या पुढच्यालाही. घर सव्वा वर्ष पडून राहिलं. शेवटी दोघा भावांनी घेतलं, विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायला. त्यांनाही तिने बसवून सांगितलं. ते घड्याळ बघत होते.

नव्या घरात ती पुरतं वर्षही राहिली नाही. पोटाचा कर्करोग निघाला, आणि तोही उशिरा, कारण दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जाणं तिने केव्हाच सोडलं होतं. इस्पितळात मी तिच्यापाशी बसले होते तेव्हा शेवटी एकदा मी ब्लोलॅम्पचं बोलले. म्हटलं, मी दिला नसता तर. ती डोळे मिटूनच म्हणाली, "दुसरीकडून आणला असता, ऑड्री. मला तो जिना हवाच होता." मग म्हणाली, "हेझलला मांस बारीक कापून देतात का, तेवढं बघ."

देतात. ती आता शहराच्या त्या टोकाला आणखी तिघांबरोबर एका घरात राहते, दोन बायका त्यांचं बघतात. जूडिथ यॉर्कला परत राहायला आलीय, ती रविवारी जाते. मी गुरुवारी जाते, आता काठी घेऊन. हेझल दर वेळी विचारते, आई कुठाय. जूडिथने बजावलंय की खोटं सांगायचं नाही. म्हणून मी सांगते, आई वारली, हेझल. ती ऐकते, आणि मग विचारते, आज गुरुवार का. मी हो म्हणते. तेव्हा ती बाजूला सरकून मला बसायला जागा करते.